चपट्या कृमींचा धडा : काही आक्षेप, काही सूचना

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा शिकवताना चपट्या कृमींच्या वाट्याला किती वेळ येतो? बहुतेक वर्गांत दहा मिनिटे, आणि पुस्तकात फार तर अर्धे पान. इयत्ता, मंडळ किंवा प्रकाशक बदलला तरी या अर्ध्या पानातला मजकूर फारसा बदलत नाही. शरीर चपटे, द्विपार्श्व सममिती, शरीराचे तीन स्तर, देहगुहा नाही, श्वसनेंद्रिये नाहीत, रक्ताभिसरण नाही, उत्सर्जनासाठी ज्वालापेशी, बहुतेक प्राणी उभयलिंगी आणि परोपजीवी. उदाहरणे : प्लॅनेरिया, यकृत पर्णकृमी, पट्टकृमी म्हणजेच टेपवर्म. शेजारी एक आकृती, आणि पुढचा संघ सुरू.

यातले एकही विधान चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांवर पानांची मर्यादा असते, अभ्यासक्रमाची चौकट असते आणि परीक्षेचे ओझेही असते, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही या अर्ध्या पानावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की त्यातले प्रत्येक विधान हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे, पण तो प्रश्नच छापलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका ठिकाणी हा मजकूर इतका अपुरा आहे की त्यातून विद्यार्थ्याच्या मनात आरोग्याविषयी चुकीची समजूत पक्की होते. एकेक मुद्दा क्रमाने पाहू.

‘नाही’ची यादी

वर दिलेल्या यादीत ‘नाही’ हा शब्द किती वेळा आला ते मोजा. ही सवय मुळात ‘अपृष्ठवंशीय’ या नावापासूनच लागते. पाठीचा कणा असलेले आणि नसलेले अशी प्राण्यांची मोठी विभागणी लामार्कने रूढ केली. १८०१ साली त्याचा कणा नसलेल्या प्राण्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोय म्हणून ही विभागणी चांगली आहे. पण ज्ञात प्राणिजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती ज्या गटात मोडतात, त्या गटाला उरलेल्या पाच टक्क्यांकडे असलेल्या एका हाडावरून ओळखणे थोडे विचित्रच नाही का? मधमाशी, माकूळ, गांडूळ, तारामासा आणि पट्टकृमी यांच्यात समान गोष्ट एवढीच, की त्यांना कणा नाही. नातेसंबंध पाहिले तर तारामासा पट्टकृमीपेक्षा आपल्याला, म्हणजे पृष्ठवंशीयांना, अधिक जवळचा आहे. भ्रूणाच्या वाढीवरून हे पूर्वीच लक्षात आले होते आणि जनुकांच्या अभ्यासाने त्याला दुजोराच मिळाला.

नावे बदला असे आम्ही म्हणत नाही. ‘अपृष्ठवंशीय’ ही एक सोयीची पिशवी आहे, एका कुळाचे नाव नव्हे, एवढे एक वाक्य धड्याच्या सुरुवातीला हवे.

शिडी की झुडूप?

धड्यातल्या संघांचा क्रमही बोलका असतो. आधी स्पंज, मग जेलीफिशचा संघ, मग चपटे कृमी, गोल कृमी, गांडुळाचा वलयी संघ, पुढे कीटक. प्रत्येक पायरीवर एखादी नवी संस्था ‘येते’. चपट्या कृमीला देहगुहा नाही, गोल कृमीला अर्धवट आहे, गांडुळाला खरी आहे. हे वाचून विद्यार्थी काय समजतो? चपटा कृमी पुढे गोल झाला आणि गोलाचे गांडूळ झाले!

हा क्रम शरीररचनेच्या वाढत्या गुंतागुंतीचा आहे. वंशावळ म्हणून तो टिकलेला नाही. १९९० च्या दशकात निरनिराळ्या प्राण्यांच्या जनुकांची तुलना होऊ लागली आणि चित्र पालटले. चपटे कृमी, गांडुळे आणि गोगलगायी एका मोठ्या फांदीवर आल्या. गोल कृमी मात्र दुसऱ्याच फांदीवर, कात टाकणाऱ्या कीटकांच्या सोबतीला गेले. म्हणजे दिसायला साधा असलेला चपटा कृमी हा गांडुळाचा ‘आजोबा’ नसून लांबचा भाऊ आहे. त्याचा साधेपणा मुळापासूनचा आहे की पूर्वजांकडची देहगुहा त्याने गमावली, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला. इतकेच नव्हे, तर पूर्वी चपट्या कृमींतच मोजले जाणारे अकीला नावाचे चिमुकले सागरी प्राणी १९९९ साली जनुकांच्या पुराव्यावरून या संघातून वेगळे काढावे लागले.

शालेय मुलांना हा तपशील झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. तपशील नाही दिला तरी चालेल. पण वर्गीकरण हे दगडावर कोरलेले नसून पुराव्यानुसार बदलते, हे शिकवण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

चपटा का?

आता पहिल्या विधानाकडे येऊ. ‘शरीर चपटे असते’ आणि ‘रक्ताभिसरण नसते’ ही दोन विधाने पुस्तकात दोन वेगळ्या क्रमांकांखाली असतात. खरे तर ते एकच विधान आहे.

रक्त नाही, कल्ले नाहीत, फुप्फुसे नाहीत. मग आतल्या पेशीला प्राणवायू कसा पोहोचणार? विसरणाने. आणि विसरणाचा एक कडक नियम आहे : लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात प्राणवायूच्या रेणूंना अर्धा मिलिमीटर अंतर पार करायला सरासरी एक मिनिट लागते असे धरा. अंतर दसपट, म्हणजे पाच मिलिमीटर केले, की वेळ शंभरपट : पावणेदोन तासांच्या आसपास. पाच सेंटिमीटरसाठी दहा हजारपट, म्हणजे जवळजवळ सात दिवस. तोवर पेशी कशी जगणार? म्हणून रक्त नसलेल्या प्राण्याला कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर ठेवून चालत नाही. लांबी-रुंदी हवी तेवढी वाढवा, जाडी वाढवू नका, हाच त्यावरचा मार्ग. पट्टकृमी काही मीटर लांब होऊ शकतो, पण त्याची जाडी एक-दोन मिलिमीटरच्या घरातच राहते, ती याचमुळे.

हाच तर्क पुढे नेला की प्लॅनेरियाच्या आतड्याला इतक्या फांद्या का, हेही उलगडते. अन्न वाटायलाही रक्त नाही, तेव्हा आतडेच फांद्या फोडून पेशींच्या दारापर्यंत जाते. आकृतीतले ते झाडासारखे आतडे विद्यार्थी वर्षानुवर्षे काढत आले आहेत. त्यामागचे कारण सांगितले तर आकृती लक्षातही राहील.

हे वर्गात दाखवता येते. अर्धवट उकडलेल्या बटाट्याचा दोन सेंटिमीटरचा एक ठोकळा आणि दोन मिलिमीटर जाडीची एक चकती सौम्य केलेल्या टिंक्चर आयोडीनमध्ये काही मिनिटे ठेवावी. मग दोन्ही मधोमध कापून पाहावे. चकतीत रंग आरपार किंवा जवळजवळ आरपार गेलेला दिसेल, तर ठोकळ्याचा गाभा पांढराच राहील. मग विचारावे : ‘तुम्ही प्राणी असता आणि रक्त नसते, तर ठोकळा व्हाल की चकती?’

परोपजीवी म्हणजे अवनत?

चपट्या कृमींच्या वीस हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त परोपजीवी आहेत, तेव्हा ‘बहुतेक परोपजीवी’ हे विधान संख्येने बरोबरच. पण त्याच्या जोडीला ‘अवनती’ हा शब्द येतो, तेथे आम्ही अडखळतो. पट्टकृमीला तोंड नाही, आतडे नाही, डोळे नाहीत, म्हणून तो अवनत!

आतड्यात राहणाऱ्या प्राण्याला आतडे कशाला हवे? चहूकडे पचलेले अन्न आहे. पट्टकृमीच्या त्वचेवर अतिसूक्ष्म रोमांसारखे उंचवटे असतात, त्यांमुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. आपल्या लहान आतड्यातल्या रसांकुरांचेही हेच काम, फरक इतकाच की त्याने ती व्यवस्था बाहेरच्या बाजूला केली आहे. पोषकाच्या पाचक रसांपासून आणि प्रतिकारशक्तीपासून बचावही हीच त्वचा करते. पर्णकृमी, पट्टकृमी आणि माशांच्या कल्ल्यांवरचे त्यांचे भाऊबंद यांच्यात ही खास त्वचा समान आहे. म्हणून ते सारे एकाच पूर्वजापासून निघाले असे मानले जाते.

यकृत पर्णकृमीच्या डिंभावस्थांची नावे क्रमाने लिहा, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. मिरॅसिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया, सर्केरिया, मेटासर्केरिया. विद्यार्थी ती पाठ करतो आणि विसरतो. ‘इतक्या अवस्था कशासाठी?’ हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अंड्यातून निघालेल्या एका डिंभाला योग्य गोगलगाय सापडण्याची शक्यता फार थोडी. ज्याला ती सापडते तो मग गोगलगायीच्या शरीरात लैंगिक प्रजननाशिवाय वाढत जाऊन शेकडो डिंभ तयार करतो. सापडलेल्या एका संधीचा असा पुरेपूर फायदा घेतला जातो. एवढे समजले, तर नावे विसरली तरी हरकत नाही.

सुटलेला बाण

आता आमचा मुख्य आक्षेप. पट्टकृमीच्या जीवनचक्राची आकृती आठवा. माणूस, त्याच्या विष्ठेतून अंडी, ती डुक्कर खाते, डुकराच्या मांसात डिंभांच्या पुटी, ते मांस कच्चे राहिले तर पुन्हा माणूस. वर्तुळ पूर्ण. तात्पर्य : डुकराचे मांस नीट शिजवून खावे. शाकाहारी विद्यार्थी वही मिटतो. हा धडा आपल्यासाठी नाही, असे त्याला वाटते.

या आकृतीत एक बाण सुटला आहे. टीनिया सोलियम, म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, ज्याच्या आतड्यात आहे त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी दुसऱ्या माणसाच्या (किंवा त्याच माणसाच्या) तोंडात गेली तर काय होईल? अंड्यातला डिंभ आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरेल आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन पुटी तयार करील. येथे माणूस डुकराच्या जागी बसतो. मेंदूतल्या अशा पुटींमुळे फिट्स येतात. ज्या प्रदेशांत हा कृमी ठाण मांडून आहे, तेथील अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या आजाराशी त्याचा संबंध असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला देश अशा प्रदेशांत मोडतो.

नीट लक्षात घ्यावयाची गोष्ट ही : पट्टकृमी होतो पुटी असलेले मांस खाऊन, पण मेंदूतल्या पुटी होतात अंडी पोटात गेल्याने. दुसऱ्या गोष्टीसाठी मांस खाण्याची मुळीच गरज नाही. या बाबतीतले एक बोलके उदाहरण १९९२ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजातल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या चार जणांना हा मेंदूचा आजार झालेला आढळला. या समाजात डुकराचे मांस धर्मानेच वर्ज्य. शोध घेता संशय गेला तो घरकामासाठी ठेवलेल्या, हा कृमी आढळतो अशा देशांतून आलेल्या व्यक्तींवर. स्वयंपाक करणाऱ्या हातांवरून अंडी अन्नात गेली असावीत, असा निष्कर्ष निघाला. आपल्या देशाचा संबंध असलेले उदाहरण त्याहून जुने आहे. या आजाराच्या ४५० रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९६१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक जण भारतात नोकरी करून परतलेले सैनिक होते.

घराघरांत ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ असे बोलले जाते. विद्यार्थी हे ऐकून वर्गात येतो आणि पुस्तकात कोबी नसून डुक्कर पाहतो. त्यामुळे दोन्हींपैकी एक खोटे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात कोबी हा कृमी निर्माण करीत नाही आणि कोबीत दिसणारी हिरवी अळी ही एका पतंगाची किंवा फुलपाखराची अळी असते. तिचा याच्याशी संबंध नाही. पण मैलापाण्यावर किंवा उघड्यावरच्या विष्ठेने दूषित झालेल्या जमिनीत वाढलेल्या कोणत्याही भाजीवर ही अंडी असू शकतात : कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर. एका अंड्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा, तेव्हा डोळ्यांना ती दिसत नाहीत. आणि या कृमीच्या एका पक्व खंडात ती सुमारे पन्नास हजार असू शकतात.

याचा अर्थ प्रतिबंधाचे उपायही दोन हवेत. मांस पूर्ण शिजवणे हा एक. शौचालयाचा वापर, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, कच्च्या भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्यात नीट धुणे आणि ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्यावर डॉक्टरांकरवी उपचार, हा दुसरा. पहिला उपाय काही जणांसाठी आहे, दुसरा सर्वांसाठी. पुस्तकात सहसा पहिलाच असतो. गाई-म्हशींच्या मांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा माणसात अशा पुटी करीत नाही, हा फरकही ‘टेपवर्म’ या एका शब्दाखाली झाकून जातो.

फिट येणाऱ्या मुलाकडे आजही अनेक ठिकाणी बाहेरची बाधा म्हणून पाहिले जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते. अपस्माराची कारणे पुष्कळ आहेत, पण त्यांतले एक कारण सातवी-आठवीच्या मुलालाही समजेल असे आणि टाळता येईल असे आहे. ते ज्या धड्यात सहज सांगता आले असते, त्याच धड्यात ते नसावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

मेंढी कोणाची?

उदाहरणांबाबतही थोडे बोलले पाहिजे. यकृत पर्णकृमी म्हणून पुस्तकात येतो तो मेंढीचा फॅसिओला हेपॅटिका. युरोपात १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे जीवनचक्र उलगडले आणि तेथील क्रमिक पुस्तकांतून ते आपल्याकडे आले. आपल्या मैदानी मुलखात गाई-म्हशींच्या यकृतात प्रामुख्याने सापडतो तो त्याचा मोठा भाऊ, फॅसिओला जायगँटिका. ज्या गावात म्हशी डबक्यात डुंबतात, तेथल्या मुलांना परक्या मेंढीचे उदाहरण का?

‘बहुतेक उभयलिंगी’ या विधानाला अपवाद म्हणून शिस्टोसोमा या रक्तातल्या पर्णकृमीचे नाव घेतात. यात नर-मादी वेगळे असतात आणि नराच्या शरीराच्या खोबणीत मादी राहते. हा आफ्रिकेतला, इजिप्तमधला प्राणी अशी आपली समजूत. परंतु १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचा स्थानिक संसर्ग असल्याचे दाखवले. पुढे तेथल्याच, टोपीसारखे कवच असलेल्या फेरिसिया या लहानशा गोगलगायीकडे मध्यस्थ पोषक म्हणून त्यांनी बोट दाखवले. लघवीतून रक्त जाते ही तक्रार, त्यामागचा कृमी आणि ओढ्यातली गोगलगाय, असा हा माग होता. आपल्या कोकणात घडलेली ही शोधकथा महाराष्ट्रातल्या मुलांना कळायला नको का?

मुक्त जगणारा चपटा कृमी पाहायलाही लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात कुंडीखाली किंवा ओल्या पालापाचोळ्यात पंख्यासारख्या डोक्याचा, लांब, चिकट बायपॅलियम अनेकदा सापडतो. गांडुळे हे त्याचे भक्ष्य. त्याची एक जाती १८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातील काचघरात सापडली म्हणून तिला क्यूचे नाव मिळाले, पण तिचे मूळ घर आग्नेय आशिया. कुंड्यांच्या मातीतून ती जगभर पोहोचली. मुलांना दाखवताना काडीने उचलावा, हात लावू नये; याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचे २०१४ साली आढळले आहे.

एका वाक्यातले पुनर्जनन

‘प्लॅनेरियात पुनर्जननाची क्षमता असते’ या वाक्याचाही विस्तार व्हायला हवा. १८९८ साली मॉर्गनने प्लॅनेरियाचे तुकडे केले आणि मूळ शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार होऊ शकतो असे नोंदवले. हे कसे घडते? त्याच्या शरीरभर विखुरलेल्या, कोणतेही रूप घेऊ शकणाऱ्या मूलपेशींमुळे. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी क्ष-किरणांसारख्या तीव्र प्रारणाने एका प्लॅनेरियातल्या अशा सर्व पेशी मारल्या. असा प्राणी एरवी मरतो. पण त्यात दुसऱ्या प्राण्यातली एकच मूलपेशी सोडल्यावर तिच्या वंशजांनी हळूहळू सारे शरीर नव्याने भरून काढले. जखम झाल्यावर आपला हात पुन्हा का उगवत नाही, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही, पण ते शोधण्याची एक जागा हा डबक्यातला कृमी आहे.

अर्धेच पान, पण असे

जास्त पाने मागण्याचा आमचा आग्रह नाही. अर्ध्याच पानात पुढील चार प्रश्न बसतात. रक्त नसलेला प्राणी चपटा का असतो? आतड्यात राहणाऱ्याला आतडे का लागत नाही? मांस न खाणाऱ्याला पट्टकृमीपासून मेंदूचा आजार कसा होऊ शकतो? तुकड्यातून पूर्ण प्राणी कसा तयार होतो? वर्गीकरणाची सारी लक्षणे या उत्तरांतच येऊन जातात, वेगळी यादी लागत नाही.

पुस्तके बदलायला वेळ लागतो. तोपर्यंत शिक्षकांनी एक काम करावे. पट्टकृमीच्या जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढताना माणसाकडून निघून पुन्हा माणसाकडेच येणारा एक जादा बाण काढावा, त्यावर ‘अंडी : हात, पाणी, कच्ची भाजी’ असे लिहावे आणि मुलांना तो वहीत उतरवून घ्यायला सांगावा.